पिग्मीची ओळ फोडताना : कोबोलमधील अनस्ट्रिंगचा अनुभव

फोंडा तालुक्यातील एका पतसंस्थेचे ठेवींवरील व्याज काढणारे, खातेवही छापणारे आणि रोजमेळ जुळवून देणारे सॉफ्टवेअर आजही कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे. ज्या सरांनी ते लिहिले ते आता निवृत्त होऊन म्हापशाला राहतात आणि देखभालीचे काम माझ्याकडे आले आहे. या संस्थेचा मोठा आधार म्हणजे पिग्मी ठेव. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही रोजच्या छोट्या बचतीची पद्धत गोव्यातही चांगली रुजली, आणि बाजारातील दुकानदार, फुलकान्नी, मासळी विकणाऱ्या बायका यांच्याकडून रोज थोडीथोडी रक्कम गोळा करणारा पिग्मी एजंट हा येथील गावोगावचा परिचित माणूस आहे. पूर्वी एजंटाने वहीत लिहून आणलेले आकडे लेखनिक ताई संध्याकाळी संगणकात भरीत असत. आता एजंटांच्या मोबाइलमधील अॅपमधून दिवसाच्या शेवटी एक मजकूर-फाइल येते. तिच्यात प्रत्येक वसुलीची एक ओळ असते आणि ओळीतील माहिती स्वल्पविरामांनी वेगळी केलेली असते. त्या ओळी फोडून प्रत्येक तुकडा जुन्या प्रोग्रामला समजेल अशा ठरावीक लांबीच्या रेकॉर्डमध्ये योग्य जागी बसवायचा, हे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. चवथीच्या आधी लोक पिग्मी मोडून पैसे नेतात, त्या गर्दीपूर्वी ते पुरे व्हायला हवे होते.

काम ऐकायला किरकोळ वाटते. आजच्या बहुतेक भाषांत ओळ विभाजक चिन्हावर तोडून तुकड्यांची यादी हाती देणारे फंक्शन असते आणि ते वापरणाऱ्याला आत काय घडते याचा विचार करावा लागत नाही. कोबोलमध्ये तुकड्यांची अशी आपोआप वाढणारी यादी मिळत नाही. प्रत्येक तुकडा कोणत्या फील्डमध्ये, म्हणजे रेकॉर्डमधील कोणत्या कप्प्यात जाणार, त्या फील्डची लांबी किती, ते अंकांचे आहे की अक्षरांचे, हे सर्व प्रोग्राम लिहितानाच ठरलेले असते. त्यामुळे तोडणे आणि बसवणे या दोन क्रिया येथे एकाच विधानात, म्हणजे प्रोग्राममधील एकाच आज्ञेत होतात. ते विधान म्हणजे अनस्ट्रिंग.

या विधानाचा इतिहास थोडक्यात सांगावासा वाटतो, कारण त्याच्या स्वभावाचा उलगडा तेथे होतो. कोबोलची सुरुवात मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये झालेल्या बैठकीतून झाली आणि भाषेचे पहिले वर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी माहिती यायची ती ८० स्तंभांच्या छिद्रकार्डांवरून, आणि कोणत्या स्तंभापासून कोणत्या स्तंभापर्यंत काय आहे हे आधीच ठरलेले असायचे. तोडण्याची गरजच नव्हती. प्रोग्रामच्या डेटा डिव्हिजन या भागात रेकॉर्डचे वर्णन लिहिले की फील्ड आपोआप वेगळी दिसत. कमीजास्त लांबीचा, चिन्हांनी विभागलेला मजकूर हाताळण्यासाठी स्ट्रिंग, अनस्ट्रिंग आणि इन्स्पेक्ट ही विधाने प्रमाण भाषेत आली ती १९७४ च्या मानकात. म्हणजे अनस्ट्रिंग हे मुळात दोन जगांच्या सीमेवर उभे असलेले विधान आहे: एका बाजूला कोठेही तुटणारी सैल ओळ, दुसऱ्या बाजूला अक्षर न अक्षर मोजून ठेवलेले रेकॉर्ड. माझे काम नेमके त्याच सीमेवरचे होते.

अॅपमधून येणाऱ्या ओळीत आठ गोष्टी असतात: एजंटाचा क्रमांक, खाते क्रमांक, दिनांक, रक्कम, पावती क्रमांक, खातेदाराचे नाव, पत्ता आणि शेरा. माझ्याआधी कोणीतरी तात्पुरती सोय म्हणून लिहिलेला एक छोटा प्रोग्राम संस्थेत होता. त्यात स्वल्पविरामावर तोडून आठ फील्डमध्ये टाकणारे, डिलिमिटेड बाय (कोणत्या चिन्हावर तोडायचे) आणि इन्टू (तुकडे कोठे ठेवायचे) एवढीच कलमे असलेले अनस्ट्रिंग होते. पाठ्यपुस्तकातील पहिल्या उदाहरणात जेवढे असते तेवढेच. बहुतेक दिवशी तो बरोबर चाले, पण अधूनमधून रोजमेळाची बेरीज एजंटाच्या चिठ्ठीशी जुळत नसे आणि क्वचित एका खातेदाराचा शेरा दुसऱ्याच्या नावापुढे छापला जाई. म्हणून नवा प्रोग्राम लिहिण्याआधी मी एक चाचणी-फाइल तयार केली. तिच्यात मुद्दाम बिघडवलेल्या ओळी घातल्या: एक स्वल्पविराम कमी, एक जास्त, मधली फील्ड रिकामी, नाव फार लांब, शेवटी जादा चिन्ह, देवनागरीतील शेरा. संगणकावर ग्नू-कोबोल होते. हा मुक्त कंपायलर कोबोलचे रूपांतर सी भाषेत करून मग यंत्रभाषेत नेतो, आणि त्याच्यावर एकेक ओळ चालवून पाहणे सोपे जाते.

पहिली गोष्ट दिसली ती सर्वांत धोक्याची. ओळीत आठऐवजी सातच तुकडे असले, तर अनस्ट्रिंग आठव्या फील्डला हातच लावत नाही. ते रिकामे करत नाही, शून्य करत नाही. आधीच्या ओळीतून आलेला मजकूर तेथे जसाच्या तसा राहतो. शेरा नसलेल्या खातेदाराच्या नावापुढे आदल्या खातेदाराचा शेरा उमटण्याचे कारण हेच होते. शेरा चुकला तर निदान डोळ्यांना दिसतो, पण ओळ मध्येच तुटून रकमेचे फील्डच आले नाही, तर आदल्या माणसाची रक्कम पुढच्याच्या खात्यावर जमा होईल आणि संगणक कोणतीही तक्रार करणार नाही. कारण तुकडे कमी पडणे ही या विधानाच्या दृष्टीने चूक नाहीच. ऑन ओव्हरफ्लो हे कलम लिहिलेले असले तरी ते अशा वेळी चालत नाही. ते दोनच प्रसंगी चालते: पॉइंटरची, म्हणजे ओळीतील कोणत्या अक्षरापासून तोडायचे ते सांगणाऱ्या आकड्याची, किंमत सुरुवातीलाच मर्यादेबाहेर असेल तेव्हा, किंवा सर्व फील्ड भरून झाली आणि तरीही मूळ ओळीत न तपासलेली अक्षरे उरली असतील तेव्हा. या कलमाच्या नावावरून ते सर्व गडबडी पकडेल असा समज होतो, म्हणून हे येथे स्पष्टपणे लिहीत आहे.

यावरचा उपाय दोन भागांचा आहे. प्रत्येक ओळीपूर्वी आठही फील्ड आणि त्यांचे मोजमापाचे आकडे इनिशियलाइज करायचे, हा पहिला भाग. दुसरा भाग टॅलीइंग या कलमाचा. अनस्ट्रिंगने किती फील्ड भरली याची मोजणी ते ठेवते, पण आधी असलेल्या आकड्यात भर घालून ठेवते. शून्यापासून सुरुवात करणे हे आपले काम आहे. पॉइंटरचेही तसेच. तो पहिल्या अक्षरापासून हवा असेल तर विधानापूर्वी त्यात एक घालावा लागतो. म्हणून माझ्या प्रोग्रामात अनस्ट्रिंगच्या आधी तीन ओळी कायमच्या आहेत: फील्ड स्वच्छ करणे, मोजणी शून्य करणे, पॉइंटर एकवर आणणे. त्यानंतरचे विधान साधारण असे (मूळ इंग्रजी शब्द येथे देवनागरीत दिले आहेत):

अनस्ट्रिंग आलेली-ओळ
डिलिमिटेड बाय ","
इन्टू एजंट-मजकूर काउंट इन एजंट-लांबी
खाते-मजकूर काउंट इन खाते-लांबी
दिनांक-मजकूर काउंट इन दिनांक-लांबी
रक्कम-मजकूर काउंट इन रक्कम-लांबी
(आणि याच पद्धतीने उरलेली फील्ड)
विथ पॉइंटर स्थान
टॅलीइंग इन भरलेली-फील्ड
ऑन ओव्हरफ्लो परफॉर्म ओळ-नाकारा
एंड-अनस्ट्रिंग

यातील काउंट इन या कलमाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. विभाजक चिन्ह येईपर्यंत मूळ ओळीतील किती अक्षरे तपासली गेली तो आकडा ते देते. फील्डमध्ये किती मावली तो आकडा नव्हे. खातेदाराच्या नावाला तीस अक्षरांची जागा आहे आणि काउंट इन सदतीस सांगतो आहे, तर उजवीकडची सात अक्षरे कापली गेली आहेत. एका फील्डमधील मजकूर दुसऱ्यात नेणाऱ्या मूव्ह या विधानाचे जे नियम, तेच येथेही लागू असतात. अक्षरांचे फील्ड डावीकडून भरते, उरलेल्या जागी रिकामी अक्षरे (स्पेस) येतात, आणि जास्त झालेले उजवीकडून निमूट गळून पडते. ही गळती सांगणारी दुसरी कोणतीही खूण नाही. तोडण्याच्या प्रत्येक क्रियेचा असा लेखी पुरावा देणारी कलमे या विधानात पहिल्यापासून आहेत आणि ती वैकल्पिक असल्यामुळेच गाळली जातात. पैशाच्या कामात ती वैकल्पिक समजू नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

काउंट इनच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. ग्नू-कोबोल मजकूर-फाइलीतील ओळ वाचून रेकॉर्डच्या जागेत ठेवतो तेव्हा उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरतो. माझी जागा तीनशे अक्षरांची आणि आलेली ओळ एकशे वीस अक्षरांची असेल, तर शेवटच्या फील्डला विभाजक चिन्ह भेटतच नाही आणि पुढची एकशे ऐंशी रिकामी अक्षरेही त्याच्याच मोजणीत धरली जातात. म्हणून शेवटच्या फील्डची खरी लांबी काउंट इनवरून न ठरवता, मजकूर जादा मोठ्या तात्पुरत्या फील्डमध्ये घेऊन कडेची रिकामी अक्षरे कापणाऱ्या ट्रिम फंक्शनने ठरवावी लागते. याच रिकाम्या शेपटीमुळे आणखी एक प्रकार घडतो. अॅपच्या एका आवृत्तीत ओळीच्या शेवटीही स्वल्पविराम येत असे. माणसाच्या डोळ्यांना त्यापुढे काहीच नाही, पण कोबोलच्या दृष्टीने त्यापुढे दीडशेहून अधिक अक्षरे न तपासलेली उरली आहेत, आणि ऑन ओव्हरफ्लो चालते. रिकामे अक्षर हेही अक्षरच आहे, हे छिद्रकार्डांच्या काळापासून चालत आलेले तत्त्व येथे पदोपदी लक्षात ठेवावे लागते.

विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत ओळ संपताना दोन चिन्हे असतात, लिनक्सवर एकच. त्यामुळे विंडोजवरून आलेल्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह शेऱ्याला चिकटून राहू शकते. ऑर (किंवा) हा शब्द वापरून त्यालाही विभाजक ठरवावे असा मोह होतो. तसे केले तर त्याच्यापुढची रिकामी शेपटी पुन्हा न तपासलेली राहते आणि प्रत्येक ओळ नाकारली जाते. त्यापेक्षा आधी इन्स्पेक्ट रिप्लेसिंगने त्या चिन्हाच्या जागी रिकामे अक्षर घालणे हा सरळ मार्ग आहे.

ऑल या छोट्या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. डिलिमिटेड बाय ऑल असे लिहिले की एकापाठोपाठ आलेली तीच चिन्हे मिळून एकच विभाजक धरली जातात. स्वल्पविरामांच्या ओळीत हे घातक आहे, कारण पावती क्रमांक रिकामा असेल तेव्हा दोन स्वल्पविराम लागून येतात. ऑल लिहिल्यास ते रिकामे फील्डच नाहीसे होते आणि नाव पावतीच्या जागी, पत्ता नावाच्या जागी असे सगळे एकेक घर डावीकडे सरकते. ऑल नसेल तर त्या फील्डमध्ये रिकामी अक्षरे येतात आणि पुढचे जागच्या जागी राहते. उलट, खातेदाराच्या नावातील शब्द वेगळे करताना ऑल आवश्यक आहे, कारण दोन शब्दांमध्ये एजंटाने एक जागा सोडली आहे की तीन, याला काहीच अर्थ नसतो.

रकमेचे प्रकरण वेगळे होते, आणि रोजमेळ न जुळण्याचे मूळ तेथेच सापडले. जुन्या प्रोग्रामात रक्कम थेट अंकांच्या फील्डमध्ये, म्हणजे सात अंक, गृहीत दशांशचिन्ह आणि पुढे दोन अंक अशा वर्णनाच्या फील्डमध्ये घेतलेली होती. अनस्ट्रिंग तुकड्याला अक्षरांचा मजकूर समजते आणि तो अंकांच्या फील्डमध्ये ठेवताना पूर्णांक म्हणून ठेवते. एजंटाने १५० लिहिले तर दीडशे रुपये बरोबर जमा होतात. १५०.५० लिहिले तर मजकुरातील टिंब हे कोबोलच्या दृष्टीने दशांशचिन्ह नसून एक परके अक्षर असते आणि फील्डमध्ये जे काही जाते त्यावर विसंबता येत नाही. पिग्मीची वसुली बहुधा पूर्ण रुपयांत होते, त्यामुळे हा दोष दीर्घ काळ दडून राहिला. खरा मार्ग असा की रक्कम आधी अक्षरांच्या फील्डमध्ये घ्यायची, तिच्यात अंक आणि एक टिंब यांखेरीज काही नाही हे तपासायचे, आणि मग न्यूमव्हॅल फंक्शनने तिचे संख्येत रूपांतर करायचे. हे फंक्शन पुढेमागे असलेल्या रिकाम्या जागा आणि मजकुरातील दशांशचिन्ह दोन्ही समजून घेते. १९८५ च्या मानकाला १९८९ मध्ये जोडलेल्या पुरवणीतून ते भाषेत आले, म्हणजे अनस्ट्रिंगनंतर बऱ्याच वर्षांनी. तपासणी मात्र आधीच करायला हवी, कारण निरर्थक मजकुरावर न्यूमव्हॅलने दिलेल्या उत्तराला आधार नसतो.

दिनांकाच्या बाबतीत मात्र हाच नियम उपकारक ठरतो. तिरपी रेघ, आडवी रेघ किंवा टिंब यांपैकी काहीही विभाजक चालेल असे ऑरने सांगून दिवस, महिना आणि वर्ष थेट अंकांच्या फील्डमध्ये घेतले की ५/८ चे आपोआप ०५ आणि ०८ होते, कारण अंकांचे फील्ड उजवीकडून भरते आणि डावीकडे शून्ये येतात. वेगळे काही लिहावे लागत नाही.

पत्त्याने सर्वांत जास्त विचार करायला लावला. आपल्याकडचा पत्ता स्वल्पविरामांशिवाय लिहिलाच जात नाही: घर क्र. ४५, वरचा वाडा, कवळे, फोंडा, गोवा ४०३४०१. अॅप असा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवून पाठवते आणि अवतरणातील स्वल्पविराम हे विभाजक नव्हेत असे गृहीत धरते. अनस्ट्रिंगला अवतरणचिन्हांचा हा अर्थ माहीत नाही. ते प्रत्येक स्वल्पविरामावर तोडते, तुकडे आठांच्या पुढे जातात, आणि ओव्हरफ्लो होऊन ओळ नाकारली जाते. हे निदान कळते तरी. कळत नाही ते पुढच्या प्रसंगी: एका जुन्या अॅपमधून अवतरणाशिवाय आलेल्या पत्त्यात एक स्वल्पविराम आहे आणि त्याच ओळीत शेरा व त्याच्या आधीचा स्वल्पविराम दोन्ही नाहीत. एक तुकडा वाढला, एक घटला, एकूण आठच. टॅलीइंगची मोजणी बरोबर, ओव्हरफ्लो नाही, आणि पत्त्याचा उत्तरार्ध शेऱ्याच्या जागी. मोजणी कितीही काटेकोर असली तरी परस्परांना झाकणारे असे दोन दोष ती पकडू शकत नाही, म्हणून अर्थाची तपासणीही ठेवावी लागली. गोव्यातील पिनकोड ४०३ ने सुरू होतो. पत्त्याच्या फील्डच्या शेवटी असा सहा अंकी पिन नसेल आणि शेऱ्याच्या फील्डमध्ये मात्र तो सापडत असेल, तर ओळ बाजूला काढायची. ही एक साधी अट, पण जुन्या अॅपच्या ओळींसाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी अट मला लिहिता आली नाही.

अवतरणांसाठी पद्धत बदलली. आठ फील्ड एकाच विधानात घेण्याऐवजी एका वेळी एकच फील्ड घ्यायचे आणि पॉइंटर पुढे सरकवत न्यायचा, असे चक्र लिहिले. पॉइंटर ज्या अक्षरावर उभा आहे ते आधी पाहायचे. ते अवतरणचिन्ह नसेल तर तेथून पुढच्या स्वल्पविरामापर्यंत अनस्ट्रिंग करायचे. अवतरणचिन्ह असेल तर पॉइंटर एक घर पुढे न्यायचा आणि या वेळी विभाजक म्हणून स्वल्पविराम न देता अवतरणचिन्हच द्यायचे. तुकडा मिळाला की पॉइंटर बंद होणाऱ्या अवतरणाच्या पुढच्या अक्षरावर उभा असतो. तेथे स्वल्पविराम असेल तर तो ओलांडून पुढचे फील्ड सुरू करायचे. पण तेथे पुन्हा अवतरणचिन्हच आढळले, तर त्या लेखनपद्धतीत त्याचा अर्थ मजकुरातील एक खरे अवतरणचिन्ह असा होतो. मग ते चिन्ह आणि पुढचा तुकडा स्ट्रिंग विधानाने आधीच्या तुकड्याला जोडायचा आणि बंद होणारे अवतरण पुन्हा शोधायचे. या पद्धतीत एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. एका वेळी एकच फील्ड घेतल्यावर ओळीत अक्षरे उरणारच, म्हणजे जवळजवळ प्रत्येक फेरीत ओव्हरफ्लोची स्थिती येणारच. तेथे ती चूक नसून अपेक्षित गोष्ट आहे, आणि त्या स्थितीत आधी भरलेले फील्ड व पुढे सरकलेला पॉइंटर दोन्ही तसेच टिकून राहतात. त्यामुळे ओळ नाकारण्याचा निर्णय येथे ओव्हरफ्लोवर सोपवता येत नाही; फील्डची मोजणी चक्राबाहेर स्वतंत्रपणे तपासावी लागते.

देवनागरीतील शेऱ्यांचा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घेतला. एजंट आता शेरा मराठीतच लिहितात, आणि तसेच व्हावे असे मला मनापासून वाटते. अक्षरांच्या फील्डचे कोबोलमधील पिक एक्स हे वर्णन अक्षरे मोजत नाही, बाइट (संगणकाच्या साठवणीचे एकक) मोजते. युटीएफ-आठ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे आहेत. फोंडा हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. त्याच्यात चिन्हे पाच आणि बाइट पंधरा. म्हापसा या शब्दाची चिन्हे सात, बाइट एकवीस. गावाच्या नावासाठी वीसची जागा ठेवली, तर म्हापशाच्या शेवटच्या कान्याचे तीनपैकी दोनच बाइट आत येतात आणि छापताना तेथे निरर्थक चिन्ह उमटते. एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. युटीएफ-आठमध्ये देवनागरी चिन्हाचा कोणताही बाइट स्वल्पविरामाच्या किंवा अवतरणचिन्हाच्या बाइटशी कधीच जुळत नाही, त्यामुळे तोडण्याची क्रिया देवनागरीतही पूर्ण सुरक्षित राहते. जपायचे असते ते फक्त बसवताना. शेऱ्याचे फील्ड मी तिपटीने वाढवले आणि काउंट इन जागेपेक्षा जास्त आला तर शेवटचे चिन्ह पूर्ण आहे की नाही हे बाइटच्या किमतीवरून पाहून अर्धे चिन्ह पुसून टाकणारा एक छोटा परिच्छेद, म्हणजे प्रोग्रामचा वेगळे नाव दिलेला भाग, लिहिला. आयबीएमच्या कोबोलमध्ये पिक एन या वर्णनाने युटीएफ-सोळा वापरता येते आणि हा प्रश्न पुष्कळ सौम्य होतो; ग्नू-कोबोलमध्ये ती सोय अजून अपुरी आहे.

नावे फोडण्याचे काम मूळ मागणीत नव्हते, ते ताईंनी नंतर सांगितले. आडनावानुसार यादी हवी, म्हणजे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन फील्ड. डिलिमिटेड बाय ऑल स्पेस आणि टॅलीइंग एवढ्यावर तीन शब्दांची नावे सहज सुटतात; नावाच्या शेवटच्या रिकाम्या जागाही ऑलमुळे एकाच विभाजकात जातात, त्यामुळे मोजणी बिघडत नाही. पण आपल्याकडे पै काणे, शेट वेरेकर, प्रभू चोडणेकर अशी दोन शब्दांची आडनावे आहेत, आणि मधले नाव गाळलेला असा खातेदार तीन शब्दांतच पुरा होतो. चार शब्द आले तर जोड आडनाव आहे की पहिल्या नावालाच बाबू किंवा बाय जोडले आहे, हे विभाजक चिन्हावरून ठरवता येत नाही. पै, शेट, प्रभू अशा पूर्वपदांची एक छोटी तालिका प्रोग्रामात ठेवली आणि शेवटून दुसरा शब्द तिच्यात सापडला तर शेवटचे दोन शब्द मिळून आडनाव धरले. तरीही जी नावे उरली त्यांच्यावर प्रोग्रामने निर्णय घेऊ नये असे मी ठरवले. ती वेगळ्या फाइलीत जातात आणि ताई त्यांपुढे आडनाव स्वतः भरतात. “खातेदाराला मी ओळखते, तुझ्या मशीनला कशाला विचारायचे?” असे त्या म्हणाल्या, आणि ते अगदी योग्य होते.

आता रोज संध्याकाळी प्रोग्राम चालला की तीन गोष्टी हाती येतात: जुन्या सॉफ्टवेअरला द्यायची ठरावीक लांबीच्या रेकॉर्डची फाइल, नाकारलेल्या ओळींची फाइल, आणि एक पानाचा गोषवारा. नाकारलेल्या फाइलीत मूळ ओळ जशीच्या तशी ठेवली जाते आणि तिच्याआधी नाकारण्याचे कारण, भरलेल्या फील्डची संख्या व पॉइंटर जेथे थांबला ते स्थान लिहिले जाते, म्हणजे ओळ नेमकी कोठे बिघडली हे ताईंना बोट ठेवून पाहता येते. गोषवाऱ्यात वाचलेल्या ओळी, स्वीकारलेल्या ओळी आणि नाकारलेल्या ओळी यांच्या संख्या असतात, आणि प्रत्येक एजंटाच्या स्वीकारलेल्या रकमेची बेरीज त्याच्या चिठ्ठीवरील एकूण रकमेशेजारी छापलेली असते. दोन्ही आकडे सारखे असतील तरच ती फाइल रोजमेळात घ्यायची, असा नियम व्यवस्थापकांनी घालून दिला आहे. सरांना हे सर्व दाखवायला म्हापशाला गेलो तेव्हा त्यांनी आधी काउंट इनचे आकडे कोठे तपासले आहेत ते विचारले, तो परिच्छेद पूर्ण वाचला, आणि खाते क्रमांकाची लांबी अपेक्षेपेक्षा कमी आली तरीही ओळ नाकारावी अशी एक अट त्यात वाढवायला सांगितली. ती अट त्याच संध्याकाळी घातली.